ब्रॉक्स्टनचं हॅन्डल

१

सकाळी सात वाजता दोन कप चहा घेऊन मागच्या शेडमध्ये जायचं, हा डोरीनचा अकरा वर्षांचा नेम होता. तिचा कप काठोकाठ भरलेला आणि रेजचा अर्धा. पूर्वी दोन्ही काठोकाठ असायचे. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचे हात थरथरायला लागले आणि त्याचा कप हळूहळू उतरत अर्ध्यावर आला. त्याबद्दल दोघांनीही कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

ओल्ड हिल गावातल्या त्या गल्लीत प्रत्येक घरामागे विटांची एक शेड होती. कुणाच्या शेडमध्ये कबुतरं, कुणाच्या शेडमध्ये कांदे वाळत घातलेले. डोरीन आणि रेज पार्ट्रिज यांच्या शेडमध्ये एकोणीसशे चौतीस सालची ब्रॉक्स्टन मोटरसायकल होती. तिचं तोंड मागच्या भिंतीकडे असायचं. पुढचं चाक आणि भिंत यांच्यात जेमतेम एक वीत जागा, कारण शेड लहान होती आणि दाराशी रेजचं स्टूल ठेवावं लागायचं.

रेजला ती एका कोंबड्यांच्या खुराड्यात मिळाली होती, चाळीस-पन्नास तुकड्यांत. आठ वर्षं त्याने एकेक तुकडा घासला, जोडला. मग हात गेले. तेव्हा चाळीस वर्षं मागच्या सीटवर बसलेल्या डोरीनने पाना हातात घेतला. रेज स्टुलावर बसून सांगायचा आणि ती करायची.

"अगं, कणीक मळल्यासारखा काय फिरवतेस? नट आहे तो."

"दोनशे चाळीस पोरांचं जेवण रोज याच हातांनी होतं. तू गप्प बस आणि आकडा सांग."

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सध्या उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून सकाळ सगळी शेडमध्ये जायची.

गाडी पूर्ण झाली होती. इंजिन पहिल्या किकमध्ये सुरू व्हायचं. टाकीवरच्या सोनेरी रेघा डोरीनने स्वतः, केकवर नक्षी काढतात तशा, श्वास रोखून ओढल्या होत्या. फक्त हॅन्डल चुकीचं होतं. ते कुठल्या तरी वेगळ्या गाडीचं होतं, दोन बोटं रुंद आणि चपटं. ब्रॉक्स्टनचं मूळ हॅन्डल मध्ये किंचित उचललेलं, टोकाला रायडरकडे वळलेलं असतं. कारखाना बंद पडून सत्तर वर्षं झाली होती आणि तसं हॅन्डल कुठे मिळत नव्हतं.

"नवीन वाकवून घेऊ या की," डोरीन म्हणाली होती.

"चुकीच्या हॅन्डलवर मी बसणार नाही, डोर."

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ब्रॉक्स्टनवाल्यांचा मेळावा असायचा. मैदानात दोरी बांधून गोल रस्ता आखतात, आणि ज्याची गाडी तपासनीस पास करील त्याला एक फेरी मारायला मिळते. एकच फेरी. रेजला ती हवी होती. डॉक्टरांनी डोरीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढच्या सप्टेंबरला त्याला चमचासुद्धा धरता येईल असं धरून चालू नका.

म्हणून ते हॅन्डल मिळायलाच हवं होतं, आणि याच उन्हाळ्यात.

२

ब्रॉक्स्टनवाल्यांच्या मंडळाचे तपासनीस मिस्टर टिमिन्स यांच्याकडे मूळ हॅन्डलवरून वाकवलेली एक जाड तार होती. ती त्यांनी डोरीनला दिली. "हॅन्डलवर ठेवून बघायची, पोरी. मधून उजेड दिसला तर ते आपलं नाही." डोरीन साठीची होती, पण अठ्ठ्याहत्तरच्या टिमिन्सना सगळ्याच बायका पोरी वाटायच्या.

ती तार घेऊन डोरीन जून-जुलैचे सगळे जुने बाजार फिरली. विमानांच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर, घोड्यांच्या मैदानावर, चर्चच्या हॉलमध्ये. गंजलेल्या नळ्यांच्या ढिगांत हात घालायचा, तार ठेवायची, उजेड बघायचा. प्रत्येक वेळी उजेड दिसायचा.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, बाजार उठायच्या वेळेला, एका टेबलापाशी ती थांबली. टेबलावर चहाचे चमचे आणि विणकामाच्या सुया मांडल्या होत्या. मागे करड्या रेनकोटातली एक म्हातारी बाई बसली होती. टेबलाखाली काहीतरी लांबट, पांघरुणात गुंडाळलेलं होतं आणि एका टोकातून काळं रबर डोकावत होतं.

"ते काय आहे हो?"

"बघ की," बाई म्हणाली. तिने स्वतः हात लावला नाही.

डोरीनने पांघरूण सोडलं. तार वर ठेवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही उजेड नव्हता.

तिने तार उचलून पुन्हा ठेवून बघितली.

"कुणाचं हे?"

"माझ्या यजमानांचं. गाडी भंगारात दिली मी, ते गेल्यावर. भंगारवाला चौथ्या दिवशी एवढं परत घेऊन आला. म्हणाला, बाई, हे तुमचं तुम्ही ठेवा." तिने नाक पुसलं. "रोज सकाळी गाडीपाशी उभे असायचे. चहासुद्धा तिथंच. मी म्हणायची, बसा की हो एकदा तरी तिच्यावर. तर म्हणायचे, बसायला जागा नाही."

"विनोदी होते वाटतं."

"नाही गं," बाई म्हणाली. "अजिबात नाही."

पैसे तिने घेतले नाहीत. डोरीनने तिला एक कप चहा आणि साखर लावलेला बन आणून दिला. निघताना बाईने तिची बाही धरली. "त्या मुठी काढू नकोस हं. त्यांनीच झिजवल्यात."

३

टिमिन्स संध्याकाळी आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हॅन्डल ठेवलं होतं. रेज त्याच्याकडे नवजात नातवाकडे बघावं तसा बघत होता.

"हेच," टिमिन्स म्हणाले. "बाप रे. हेच आहे." मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि रबरी मुठींवरून अंगठा फिरवला. ही त्यांची जुनी खोड होती. ज्योतिषी हात बघतो तशा ते मुठी बघायचे. माणूस किती बसला, किती घाबरत बसला, ॲक्सिलरेटर पिळायचा की कुरवाळायचा, सगळं सांगायचे.

अंगठा मध्येच थांबला.

"गंमत आहे. हे बघ, पोरी. आपण सीटवर बसून मूठ धरतो, तेव्हा तळवा आपल्याकडे आणि बोटं पलीकडे, पुढच्या बाजूला जातात. खळगे तिकडे पडतात. इथं बोटांचे खळगे अलीकडे आहेत. सीटच्या बाजूला. चार, चार."

"म्हणजे?"

"म्हणजे हा गृहस्थ गाडीच्या पुढं उभा राहून हॅन्डल धरत होता. वर्षानुवर्षं. तोंड सीटकडं करून." टिमिन्स खो खो हसले. "रेज, तुझ्याहून वेडा माणूस होऊन गेला बघ या जगात."

"काका, मूठ अर्धी फिरवून बसवली असेल कुणीतरी," रेज म्हणाला.

"असेल. पण रबराचा जोड खालीच आहे, जिथं असायला हवा तिथं." त्यांनी मूठ चिमटीत धरून पिळली. ती हलली नाही. "जाऊ दे. मी हॅन्डल तपासतो, माणसं तपासत नाही."

दुसऱ्या दिवशी डोरीनने हॅन्डल चढवलं. मुठींच्या आत केसांवर मारायचा फवारा मारला, अर्धा फेरा फिरवल्या, खळगे पुढच्या बाजूला आणले आणि सुकू दिल्या. हा फवारा वाळला की मूठ लोखंडाला अशी धरते, की नंतर सुरीने कापूनच काढावी लागते. बाईचा शब्द तिने मोडला नव्हता. काढल्या नव्हत्या, फिरवल्या होत्या.

शेडला कुलूप लावताना तिला आत कर्र असा आवाज आला. सीटखालच्या दोन स्प्रिंगांचा. ऊन उतरलं की लोखंड बोलतं, हे तिला ठाऊक होतं.

४

सकाळी सात वाजता ती चहा घेऊन गेली. खळगे पुन्हा सीटच्या बाजूला होते.

फवारा स्वस्तातला असावा. तिने दुसरा आणला, दाबून बसवल्या. पुढच्या सकाळी तेच. तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. पुढचं चाक आणि भिंत यांच्यात एक वीत नव्हे, दोन विती जागा होती. गाडी मागच्या स्टँडवर चढवलेली होती. स्टँडवरची गाडी आपोआप मागे जात नाही. सिमेंटवर स्टँडच्या पायांच्या दोन पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, नांगरट केल्यासारख्या.

"तू हलवलीस का रे?" तिने रेजला विचारलं.

त्याने आपले दोन्ही हात वर करून दाखवले. ते झाडाच्या पानांसारखे हलत होते. "हो तर. खांद्यावर टाकून गल्लीत फिरवून आणली."

ती हसली, पण जमिनीवर खडूने रेघ मारून ठेवली. जमिनीला उतार असेल म्हणून गोटी ठेवून बघितली. गोटी ठेवली तिथंच राहिली. मागच्या चाकाला तिने दोन विटा लावल्या. सकाळी एक वीट फुटलेली होती आणि अंतर तिच्या हाताच्या कोपरापर्यंत आलं होतं. चौथ्या दिवशी ते त्याहून वाढलं.

पाचव्या दिवशी डोरीन दारात उभी राहिली आणि तिला जे कळलं ते कळायला नको होतं. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये आता एक माणूस उभा राहील एवढी जागा झाली होती. बरोबर तेवढीच. त्यानंतर गाडी एक इंचही हलली नाही.

स्प्रिंगा मात्र रोज करकरत होत्या. कुलूप लावताना, आणि कुलूप काढताना.

५

डोरीन घाबरट नव्हती, आणि मेळावा बारा दिवसांवर आला होता. स्वयंपाकघरात एखादा पदार्थ बिघडला तर ती ओरडत नाही, चाखून बघते. तिने पीठ, मीठ आणि पाणी घेऊन घट्ट गोळा मळला. शाळेत लहान मुलांना खेळायला देतात तसा. त्याची बोटभर जाड पट्टी दोन्ही मुठींवर गुंडाळली. शेडला कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात ठेवली. एप्रन अंगावरच ठेवून ती झोपली. रेजला सांगितलं, की पाठ धरली आहे, गाठ सोडायला हात मागे जात नाही.

सकाळी पीठ वाळलं होतं. त्यावर बोटं उमटली होती.

चार डाव्या मुठीवर, चार उजव्या. पुढून आलेली, सीटच्या बाजूला वळलेली. लांब, रुंद नखांची. इतकं घट्ट धरलं होतं, की करंगळीच्या जागी खालचं रबर दिसत होतं. डोरीनने आपली बोटं त्या ठशांवर ठेवून बघितली. ती त्यांच्या अर्ध्यापर्यंतही पोचली नाहीत. कुणी किल्ली काढून घेतली असेल का, हे तिने मनाशी तपासलं. रेज जिन्यावरून एकटा उतरू शकत नव्हता. खिडकी हातभर होती, वर जाळी. ती बराच वेळ तपासत राहिली, कारण तपासणं थांबवलं की काहीतरी मान्य करावं लागणार होतं.

मग तिने पाना घेतला. हॅन्डल काढून टाकायचं. चुकीचं तर चुकीचं, पण निदान ते मुकाट राहील.

"डोर, थांब." रेज दारात होता. सकाळी तिनेच त्याला जिन्यावरून खाली आणलं होतं, तिथून तो भिंत धरत धरत आला होता. "काढतेस कशाला? मला हात तरी लावू दे एकदा. बसवल्यापासून लावलाच नाही मी."

तिला नाही म्हणायला कारण सापडेना. तिने घाईघाईने पीठ सोलून टाकलं. रेज सीटवर बसला, धाप लागली म्हणून थोडा थांबला आणि दोन्ही मुठी धरल्या.

त्याचे हात थांबले.

थरथर कमी झाली असं नाही, थांबलीच. तीन वर्षांत झोपेतसुद्धा ते हात असे स्वस्थ नव्हते. रेजने त्यांच्याकडे बघितलं. क्लच दाबला, सोडला. ब्रेक दाबला, सोडला. मग तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचं नाक वाहायला लागलं, ते त्याने खांद्याला पुसलं, कारण त्याला मुठी सोडायच्या नव्हत्या.

"बघितलंस? बरोबर हॅन्डल पाहिजे असतं, बाई. तुला किती वेळा सांगितलं!"

डोरीन त्याच्या हातांच्या मागच्या बाजूकडे बघत होती. तिथं कातडीवर चार चार पांढरे डाग पडले होते. कुणी बोटांनी दाबल्यावर पडतात तसे.

तिने पाना खाली ठेवला.

दुपारी रेज झोपल्यावर ती एकटी शेडमध्ये आली. गाडीच्या पुढच्या त्या मोकळ्या जागेशी, शाळेत रांग मोडणाऱ्या पोरांशी बोलावं तशा आवाजात बोलली.

"मला तुमचं नाव माहीत नाही. तुमच्या बाईंना बन आवडला. हे बघा, माझ्या माणसाला एक फेरी हवी आहे. त्याचे हात धरताय तेवढे फेरी संपेपर्यंत धरा. मग तुम्ही मोकळे. मग तुम्हाला इथं उभं राहायची गरज नाही. मी सांगते ना."

काही आवाज आला नाही. फक्त सीटच्या स्प्रिंगा कर्र झाल्या, आणि हॅन्डल अगदी थोडं, ताण आल्यासारखं, थरथरलं.

होकार असावा असं तिने धरलं.

६

मेळाव्याच्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. मैदानात रंगीत पताका, तंबूत केक आणि चहा. टिमिन्सनी तार ठेवली, उजेड दिसला नाही, आणि त्यांनी कागदावर सही केली.

"चल रे नवरदेवा," ते रेजला म्हणाले. "घोडीवर बस."

रेज बसला. मुठी धरल्या आणि हात थांबले. डोरीनने किक मारली. इंजिन धडधडलं आणि ब्रॉक्स्टन दोरीच्या आत निघाली.

"एवढी हळू?" टिमिन्स म्हणाले. "माझी सासू याहून जोरात चालायची."

गाडी खरंच माणसाच्या चालीने जात होती. डोरीन गाडीकडे नाही, गाडीच्या पुढच्या गवताकडे बघत होती. अजून दव होतं. चाक पोचायच्या दोन हात आधी गवत दबत होतं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कुणीतरी उलट्या पावलांनी मागे मागे चालत होतं, आणि गाडीला आपल्या बेताने येऊ देत होतं. रेजच्या चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशी होतं तसं हसू होतं.

फेरी पूर्ण झाली. रेजने गाडी तिच्यापुढे थांबवली, इंजिन बंद केलं. डोरीनने गाडी स्टँडवर घेतली, त्याला उतरवलं. उतरताच हात पुन्हा हलायला लागले. त्याने ते कोटाच्या खिशात घातले.

"झालं," तो म्हणाला. "झालं, डोर. आता काय वाट्टेल ते होऊ दे."

"जा, चहा घे. टिमिन्सकाका, याला न्या हो. अर्धाच कप द्या."

दोघं तंबूकडे निघाले. डोरीन गाडीच्या पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आभारी आहे. झाली फेरी. जा तुम्ही आता."

हॅन्डल सैल पडलं. कुणी खूप वर्षांनी हात सोडावेत आणि बोटं झटकावीत, तसं. पुढचं चाक आपोआप एका बाजूला कलंडलं. गवतावर तिच्या शेजारून दोन पावलं उमटली, मग आणखी दोन, घाईची, पळाल्यासारखी, दोरीकडे. नंतर गवत उभंच राहिलं.

तिने सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा स्प्रिंगा वाजल्या.

या वेळी त्या वाजून थांबल्या नाहीत. सीटचं चामडं भर उन्हात खाली जात होतं. सावकाश, दोन्ही बाजूंना सारखं. नीट, आरामात बसून घ्यावं तसं. स्प्रिंगा दबून दबून पूर्ण मिटल्या.

बसायला जागा नाही.

डोरीनला एका क्षणात सगळं कळलं. तो माणूस सीटवरच्या कुणाला अडवून तिथं उभा राहत होता, शेडमध्ये कोण कुणाला भिंतीपासून मागे रेटत होतं, आणि आपण आत्ता कुणाला घरी जा म्हणून सांगितलं.

चाक सरळ झालं. गाडी स्टँडवरून खाडकन खाली उतरली आणि सपाट गवतावर पुढे सरकायला लागली. समोर, वीस पावलांवर, रेजची पाठ होती. तो टिमिन्सना काहीतरी सांगत होता, खिशातल्या हातांनी.

डोरीन पुढे गेली. सीटकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही मुठी धरल्या. तिची बोटं खळग्यांत जाऊन बसली. खळगे तिच्या बोटांना मोठे होते, पण बरोबर जागी होते.

गाडी थांबली. म्हणजे रेटत राहिली, पण पुढे गेली नाही. मोठं जनावर अंग टाकून उभं राहतं तसा तो भार होता. त्याला कसलीच घाई नव्हती. डोरीनने टाचा गवतात रोवल्या. सीटच्या वर बघायचं नाही, एवढं तिने ठरवलं, आणि टाकीवरच्या स्वतःच्या सोनेरी रेघांवर नजर ठेवली.

"अगं पोरी," टिमिन्स तंबूपाशी वळून ओरडले, "त्या बाजूनं काय धरून उभी राहिलीस? चहा गार होतोय!"

"तुम्ही घ्या," डोरीन म्हणाली. "रेजला तुमच्या मोटारीत बसवा आणि घरी सोडा. मला इथं वेळ लागेल."

रेजने लांबून एक थरथरता हात वर केला. तिला हात वर करता आला नाही. तिने नुसती मान हलवली.

टाकीच्या पलीकडे, उजव्या बाजूला, किक हलली. कुणाचा पाय दिसत नव्हता. ती सावकाश, चाचपत, खाली येऊ लागली.

डोरीनने पाय थोडे फाकवले आणि मुठी आणखी घट्ट धरल्या.